राजी

डुलुथमध्ये उणे सव्वीस. रूबेनच्या तळघरात
हीटर म्हाताऱ्यासारखा खाकरतो
आणि वीस बाजूंचा फासा
चिप्सच्या चुऱ्यात तीनवर येऊन बसतो.

तीन. म्हणजे ब्रम आडवा.
रूबेनचा बुटका, दाढीला मध माखणारा, कुऱ्हाडवाला ब्रम
दरीवरच्या पुलावर बेशुद्ध,
आणि पुलाचे दोर एकेक करून तुटताहेत.

"मी त्याला मंत्राने पलीकडे नेते," लोवीसा म्हणते.
मी पुस्तक उघडतो. खेळ चालवणारा मी, निवाडाही माझा.
मंत्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
जो जीव राजी असेल, त्यालाच.

झालं. खेळातले सहा सेकंद
आमच्या घड्याळात पाऊण तास चालले.

एमेट विमा कंपनीत दावे तपासतो. बोट वर करून म्हणाला,
नकार नाही म्हणजे होकार. मौन म्हणजे संमती.
डार्लीन म्हणाली, मौन पाळायला आधी शुद्धीवर असावं लागतं;
झोपलेल्याचं पाकीट काढलं, तर ते त्याने दान केलं का?
लोवीसा रात्रपाळीची नर्स, अजून गणवेशातच.
आमच्याकडे बेशुद्ध माणूस राजीच धरतात, म्हणाली,
नाहीतर सुई कुणाला टोचणार?
मग जरा थांबून:
नको असेल त्याने आधी लिहून ठेवायचं असतं.

ब्रमला कुणी विचारलं नाही.
रूबेनने तोंड उघडलं तर एमेट म्हणाला,
तू बेशुद्ध आहेस, तुला बोलता येत नाही, नियम आहे.
हसलो सगळे. रूबेनसुद्धा.

मग तो उठला, हीटरला एक लाथ घातली,
आणि पाठमोराच म्हणाला,
मार्चमध्ये हेलमीच्या फॉर्मवर सही मी केली.
नळी काढायची की ठेवायची, त्या चौकटीच्या वर
हाच शब्द होता.
चष्मा लावून वाचला. काढून वाचला.

फासा कुणी उचलला नाही.
निवाडा मला देता आला नाही.
पेन्सिली वाटल्या. म्हटलं, कागद उलटा करा,
आपापल्या पात्राचं लिहून ठेवा:
कुणाच्या हातून, कुठवर, राजी.

डार्लीनने एक ओळ लिहिली.
एमेटने तीन, पोटकलमांसह.
रूबेन लिहीतच राहिला, कागदाच्या कडेपर्यंत,
मग कागद फिरवून कडेकडेने.
मी डोकावलो नाही.

पूल तसाच आहे, अर्धा तुटलेला,
पुढच्या शुक्रवारपर्यंत.