अकरावा प्रश्न

चियातुरा. काचेवर मँगनीजची काळी धूळ.
त्सियालाबाई अक्रोड फोडत बसलेल्या.

गेल्या तीस दिवसांत किती वेळा वाटलं,
साधं उठणंसुद्धा ओझं आहे?
"कधीच नाही." फट्.
किती वेळा, कशातच जीव रमत नाही असं?
"कधीच नाही." फट्.

दहा प्रश्न, दहा गुण. याहून कमी पडतच नाहीत.
बेरीज करून मी पेनाला टोपण लावलं.
परातीत गराचा ढीग,
एकटीला तीन हिवाळे पुरेल एवढा.

दाराशी मी बूट चढवत होते,
तर ओव्हरकोटाच्या खिशांत त्यांनी
न फोडलेले अक्रोड कोंबले,
आणि हात तिथेच ठेवून विचारलं,
"अकरावा नाहीच का गं?"

बंद रोपवेच्या तारेखालून उतरताना
खिसे वाजत राहिले
वळणापर्यंत.
तिथे मी थांबले.