मधली रेघ

कपाटाच्या दाराला आतून, साड्यांच्या बाजूला,
आलेखाचा एक ताव चिकटवला आहे.
मकरपुऱ्याच्या आमच्या बेअरिंग कारखान्यातला,
रद्दीतून, साहेबांना विचारून आणलेला.

सकाळी सहा दहाला, चहाच्या आधी
काट्यावर उभी राहते. तोच गाऊन, तीच फरशी.
फरशी बदलली की माप बदलतं.
आणि काटाच खोटं बोलत असेल
तर आधी त्याला विचारायचं, मग मला.
दहा किलो गव्हाच्या पिशवीनं तपासला त्याला.
शंभर ग्रॅम इकडेतिकडे. चालेल.

वीस दिवस नुसते ठिपके दिले.
काही सोडलं नाही, सेव-उसळसुद्धा.
मग आखली मधली रेघ: अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार.
वर लाल, एकोणऐंशी सहा. खाली लाल, सत्त्याहत्तर दोन.
या दोन लालांच्या मध्ये जे नाचतं
ते मीठ आहे, बडोद्याचा उकाडा आहे,
रात्री उशिरा प्यालेलं पाणी आहे.
ती मी नाही.

एवढं कळायला एकावन्न वर्षं.
तोवर अर्धा किलो चढला की दिवसभर काकडी,
अर्धा उतरला की बक्षीस म्हणून फाफडा-जिलेबी.
नोकरीच्या पहिल्याच महिन्यात जशुभाई पंचालांनी
माझ्या हातातला पाना काढून घेतला होता:
'दर नंगाला सेटिंग नका फिरवू, विदुलाबेन,
मशीन गभराई जाय.'
मशीनला नंतर कधी त्रास दिला नाही मी.

दोष जन्मतो तिथे जाऊन उभं राहावं,
हेही त्यांचंच.
म्हणून आठ रात्री माझ्याच ओट्याशी
पाटी-पेन्सिल घेऊन उभी राहिले, परक्या बाईसारखी.
ती बाई जेवताना दोनच पोळ्या घेते.
मग सगळे उठल्यावर, दिवा मालवायच्या आधी,
पातेल्याच्या तळाचा भात,
मुलाच्या ताटातली अर्धी पुरी,
वाटीभर श्रीखंड, 'फ्रिजमध्ये जागा नाही' म्हणून,
उभ्याउभ्या.
वाया जाऊ नये म्हणून.
कारखान्यात भंगाराला वेगळा डबा असतो, निळा.
घरात तो डबा मी होते.

काही मोठं केलं नाही. पातेलं लहान घेतलं.
उरलेलं सकाळी रखवालदाराच्या कुत्रीला.
तीन आठवडे ठिपके तसेच, मधल्या रेघेच्या खालीवर.
मी पाना उचलला नाही.

मग श्रावणात नंदनला ताप आला.
सयाजी हॉस्पिटल, तिसरा मजला, एकोणीस दिवस.
विसाव्या दिवशी आम्ही त्याच्याशिवाय घरी आलो.
दहाव्यानंतर काट्यावर चढले, सवयीनं.
चौऱ्याहत्तर एक.
खालच्या लाल रेघेच्या कितीतरी खाली,
कागदाच्या जवळजवळ कडेला.
भेटायला आलेली दांडिया बाजारची एक मावशी
जाताना दारात हळूच म्हणाली,
'बारीक झालीस गं. छान दिसतेस.'

ठिपका दिला. त्याच्याभोवती गोल केला.
नियम असा आहे की कारण ठाऊक असेल
तर समासात लिहायचं, तारखेसकट,
आणि तो ठिपका सरासरीत धरायचा नाही.
समासात लिहिलं: नंदन.
एवढंच मावलं.

वजन परत आलं, यायचं तसं, भाकरीबरोबर.
सत्त्याहत्तर आठ. सत्त्याहत्तर नऊ. सत्त्याहत्तर सहा.
परवा रात्री मोजले:
सलग नऊ ठिपके मधल्या रेघेच्या खाली.
नऊ म्हणजे योगायोग नव्हे,
काहीतरी खरंच हललं आहे, पातेल्याएवढं.
आता रेघ नव्यानं आखायला हवी.

पट्टी आहे, पेन्सिल आहे.
पण नवा ताव लावायचा
तर हा काढावा लागतो दारावरून,
समासासकट.

आज राहू दे.
सहा दहा झाले.