सतरा पायऱ्या

ऐरोली, सेक्टर नऊ. दुकानांच्या वर दुकानं.
खाली डॉक्टर हुपरीकर, बीपी-शुगर-ताप,
वर मी, दातांची.
मध्ये सतरा पायऱ्या
आणि पार्किंगवरून झालेलं एक जुनं भांडण,
ज्यात दोघांचंही बरोबर होतं.

चांगुणाबाई मढवींना वय विचारलं तर
"पुराचे सालाला लगीन झाला" म्हणतात.
कुठला पूर, ते सांगत नाहीत.
मी लिहिते: अंदाजे बहात्तर.
दिवागावातून चालत येतात.
चाळीस वर्षं मासळीची पाटी वाहिलेली मान
अजून ताठ आहे. गुडघे गेले.

पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा
मशेरीचा काळा काठ, आणि त्यावर
हिरड्या चढलेल्या, भरती चढावी तशा.
दात अर्धे बुडालेले,
खाडीत जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांची
नुसती टोकं दिसावीत तसे.

मी मशेरीवर तोंडसुख घेतलं.
मशेरी हा सोपा आरोपी.
साफ केलं, वाढलेलं कापलं, टाके घातले.
त्यांनी मशेरी सोडली,
माझ्यावर उपकार म्हणून.
चार महिन्यांनी भरती परत.

पुन्हा साफ केलं.
पैसे त्या रुमालाच्या गाठीतून मोजून देत होत्या
आणि मी, खरं सांगायचं तर, घेत होते.

तिसऱ्या खेपेला विचारलं,
जे पहिल्या दिवशी विचारायचं असतं:
"आणखी काय काय घेता?"
"काय घ्याचा? चाय. दोन टाईम."
मग कमरेची पिशवी निघाली.
तीत गोळ्यांची अर्धी पानं, रेशनची पावती, एक सुपारी.
आणि एक पांढरी, बारीक गोळी. बीपीची.
तीन वर्षं, रोज सकाळी.

कॉलेजातलं ते पान आठवलं.
पानाच्या कोपऱ्यावरचा चहाचा डागही आठवला.
या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात:
परीक्षेत दोन मार्क.

"ही कुणी दिली?"
"त्या खालच्यान."

फोन केला असता, पण नंबर नव्हता.
अकरा वर्षं एका मीटरबोर्डाखाली, आणि नंबर नव्हता.
ग्लोव्ह्ज काढले, उतरले.
पायऱ्या तेव्हा पहिल्यांदा मोजल्या.

हुपरीकर कुणाच्या तरी पाठीला स्टेथोस्कोप लावून.
मला बघताच म्हणाले, "काढतो गाडी."
"गाडीसाठी नाही आले."

ते वर आले. धाप लागली होती,
ती त्यांनी लपवली, मी पाहिली नाही.
माझा दिवा ओढून आत बघत राहिले.
"दर महिन्याला जीभ बघतो हिची," म्हणाले.
"जिभेच्या बाजूला काय आहे, कधी..."
वाक्य तिथेच राहिलं. मी माझंही तिथेच ठेवलं.

खुर्चीत आडव्या चांगुणाबाई,
तोंडात आरसा, तोंडावर दोन डोकी.
हात वर केला. आरसा काढला.
"तुमी दोगं वलखता का एकमेकाना?"

गोळी बदलली.
ओहोटी हळू लागते, खाडीकाठच्यांना ठाऊक असतं.
तिसऱ्या महिन्यात दात वर आले,
पिवळे, झिजलेले, पण आपल्या जागी.
उरलेलं मी साफ केलं.
त्या दिवशी रुमालाची गाठ सोडू दिली नाही.
त्या रागावल्या,
दुसऱ्या दिवशी भाजलेली वाकटी पाठवली,
वर निरोप: स्वतः चावून बघितलीय.

मला वाटलं, संपलं.

काल जिन्यातून खोकला ऐकू आला.
कोरडा, थांबतच नव्हता.
वर कुणी येईना म्हणून दार उघडलं.
चांगुणाबाई नवव्या पायरीवर बसलेल्या,
पिशवी मांडीवर.
"दात दिसाला लागलं, बाय. पन खोकला लागलाय.
नवे गोलीपासून. रातभर."

तेवढ्यात खालचंही दार उघडलं.
त्यांनी आधी खाली पाहिलं, मग वर,
मान ताठच.
"मना नाय चढवत आता. नाय उतरवत.
तुमीच या दोगं."

मी आठ उतरले.
खालून चपलांचा आवाज वर येत होता.