दंतवैद्य

नेल्त्येच्या डायरीत अशा प्रत्येक तारखेला
एकच शब्द असायचा : दंतवैद्य.
तीन वर्षांत नऊ वेळा.
दात तिचे शाबूत, अक्रोड फोडण्याइतके.
अख्ख्या पालिकेला ठाऊक होतं,
आणि संध्याकाळी सगळे तिला विचारत, फार दुखलं का?

मी शेजारच्या खिडकीवर. पासपोर्ट, वाहन परवाने.
नऊही वेळा तिची विवाह नोंदवही मीच काढून ठेवली,
बदली माणसासाठी फोन फिरवले,
आणि सौजन्य म्हणतात ते हेच, अशी स्वतःची समजूत घातली.

या गुरुवारी मात्र डायरी कोरी.
खोटं बोलणं हेही पापच, ती म्हणाली,
एका पापातून सुटायला मी दुसरं किती दिवस वापरू?
काळा स्कर्ट, अंबाडा घट्ट, टेबलावर हात.
मारिनस आणि सीत्से आत आले तेव्हा उठून उभी राहिली :
मी हे लग्न लावणार नाही.
लावू शकत नाही, असं नाही.
लावणार नाही.

मारिनसची एकतीस वर्षं समुद्रबांधावरचे पंप दुरुस्त करण्यात गेलेली.
नव्या कोटाच्या बाहीवर इस्त्रीचा चटका.
सीत्से शाळेत नेल्त्येच्या मागच्या बाकावर बसायचा.
फुलं शेजारणीच्या बागेतली, देठांना ओलं वर्तमानपत्र.
साक्षीदार बाईंनी पार्किंगचे पैसे
चाळीसच मिनिटांचे भरले होते.

पलीकडच्या गावचा अधिकारी सायकलवर निघाला,
चौदा किलोमीटर, वारा तोंडावर.
तोवर काय करायचं ते कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.
नेल्त्येनं कॉफी केली.
प्रत्येकी एक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण लगेच बंद.

आईच्या मृत्यूची नोंद तूच केलीस, मारिनस म्हणाला,
याच पेनानं.
मृत्यूनं मला माझं मत विचारलं नव्हतं.
आम्ही तरी कुठे विचारतोय, नेल्त्ये?
मग बराच वेळ नुसते चमचे.

मला पणजी आठवली, जिला मी पाहिलेलंच नाही.
ऊस तोडायला जहाजानं सुरिनामला आलेली.
लग्न मांडवात लागलं, अग्नीभोवती,
पंडित दुसऱ्या मळ्यावरून मागून आणलेला.
सरकारी कारकुनाला तो अग्नी काही दिसेना.
पाच मुलं झाली. पाचही वेळा
बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
सुखिया हे तिचं पाळण्यातलं नाव,
ते आज माझ्या ओळखपत्रावर आडनाव म्हणून आहे.
पणजोबांचं नाव कागदाला चाललं नाही,
आता आम्हालाही नीटसं माहीत नाही.

तो कारकून दुष्ट होता असं मी म्हणत नाही.
पट्टी लावून, शाई न सांडता मारली असेल त्यानं ती रेघ.

हे नेल्त्येला सांगावं असं ओठांपर्यंत आलं.
पण माझे वडील गेले त्या आठवड्यात
सलग चार दिवस सूपचं पातेलं घेऊन आलेली
तीच होती, त्याच देवाचं नाव घेत.
मी कॉफी संपवली.

अधिकारी पोचला तो गुडघ्यापर्यंत भिजून.
धापा टाकत त्यानं सीत्सेला सीत्स्के म्हटलं,
म्हणजे एका बाईचं नाव,
आणि सगळे हसले, अगदी सगळे,
नेल्त्येनं तोंड खिडकीकडे वळवलं, पण खांदे हलताना मी पाहिले.
दोघांनी हो म्हटलं.
सहीच्या वेळी त्याचं पेन उमटेना. पाणी गेलेलं.
खोलीत दुसरं पेन एकच होतं, तिच्या मुठीत.

तिनं ते दिलं नाही.
टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं, पडेल न पडेल असं,
आणि हात मागे घेतला.
सीत्सेला वाकून घ्यावं लागलं.

गाडीला दंड झालाच.

पाचला ती कोट चढवत होती, एक बटण चुकलेलं.
पेन अजून कडेलाच.
सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं :
फार दुखलं का?
तिनं गालाला हात लावला.
अजून बधिर आहे, म्हणाली.