पान एकशे साठ

लाल रुमालाची गाठ सुटेना,
दातांनी सोडवली.
तोंडात सगळी त्र्याण्णव सालची धूळ.

एका नोंदीचे मला चार रुपये मिळतात.
लातूरच्या आरटीओत, मागच्या खोलीत,
जिथं पंखा फक्त दोन नंबरवर चालतो,
मी बोजे उतरवते वहीतून
आणि चढवते मशीनवर.
गाडी नंबर, चॅसी नंबर, कुणाकडं गहाण, कधीपासून.
एंटर.
मण-मण वजनाच्या वह्या, पण आत जाताना
धप्प असा आवाजसुद्धा करत नाहीत.

अक्षर मन्मथअप्पा बिराजदारांचं.
बोजा चढला की निळी शाई,
उतरला की तांबडी, आणि खाली एक रेघ
इतकी सरळ, की वाटावं
गाडीवाल्यापेक्षा ह्यांनाच मोकळं वाटलं असेल.
काही पानांना कसर लागलीय.
एका ट्रॅक्टरचा मालक खाल्लाय,
बँक शाबूत आहे.

सप्टेंबरच्या तीस तारखेपासून तेरा दिवस नोंदच नाही.
अप्पांनी तेवढं अर्धं पान कोरं सोडलंय,
फुली मारून बादही केलं नाही.
मशीनवर त्या दिवसांना जागा लागली नाही.
चारशे बाराला चिकटून चारशे तेरा.

पुढच्या वहीत, पान एकशे साठ.
शेख खाजामियाँ वल्द शेख इमाम, राहणार औसा.
काळी-पिवळी जीप, आसनं नऊ
(माणसं किती, ते रस्त्यालाच ठाऊक).
गहाण: बालाघाट ऑटो फायनान्स, उदगीर.
निळी शाई आहे. तांबडी नाही.
समासात पेन्सिलीनं, बारीक:
'हप्ते फिटले म्हणतो. कागद उद्या आणतो म्हणाला.
माणूस खरा आहे.'

मागच्या गुरुवारी खिडकीशी उभा होता
खाजामियाँचा धाकटा, अजमत.
जीप भंगारात द्यायचीय. परसात पडून आहे,
क्लचपाशी कोंबडी अंडी घालते.
भंगारवाला म्हणतो, आधी ऑनलाइन बोजा काढून आणा.
'बोजा कुठंय मॅडम,
तिला टायरसुद्धा राहिलं नाही.'

मशीन म्हणतं, फायनान्सचं नाव यादीतून निवडा.
यादीत बालाघाट नाही.
उदगीरला त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे.
ना हरकत मागायची कुणाकडं?
हरकत घेणारंच कुणी उरलं नाही.

अप्पांना फोन लावला.
रिटायर होऊन देवणीला असतात, ऐकू कमी येतं.
'काय करायलीस पोरी?'
वह्या भरायलेय म्हटलं, कॉम्प्युटरमधी.
'आन् समास?'
समासाला रकाना नाही, अप्पा.
मग बराच वेळ नुसती
त्यांच्या दावणीवरली घंटी ऐकू येत राहिली.
'औश्याचा खाजामियाँ ना? आणंल की.
उद्या म्हणाला होता.'

खाजामियाँला जाऊन नऊ वर्षं झाली,
हे मी सांगितलं नाही.

शेरा नावाची एक चौकट आहे खरी, अगदी तळाला.
चाळीस अक्षरं मावतात.
'माणूस खरा आहे' एवढं टाकलं,
तरी निम्मी चौकट रिकामीच.
मशीननं ते गपगुमान घेतलं.
फक्त वरचा चौकोन लाल:
बोजा उतरल्याचा दिनांक अनिवार्य.

उद्याची तारीख घालून पाहिली.
पुढची तारीख चालत नाही म्हणे.

पाच वाजलेत. शिपाई किल्ल्या वाजवतोय.
माझे चार रुपये अडकलेत
आणि पेन्सिल
हात लावला तर बोटाला येतेय.