थोरलेसाहेबाचा गुडघा

नाव त्याचं थॉर्नली.
जालन्याच्या जिनिंगमध्ये ते आठ दिवस टिकलं नाही.
हमालांनी त्याचा थोरले केला,
दिवाणजीनं मस्टरात पुढं साहेब जोडला.
साहेब कसला, फिटर तो,
ओल्डहॅमच्या प्रेसबरोबर आलेला,
आणि प्रेससारखाच, सुट्या भागांशिवाय.

माझा आजा मुंजाजी इंजिनघरात तेल घालायचा.
त्याला साहेबानं एकदा विजार सरकवून गुडघा दाखवला:
सरकीच्या ढेपेसारखा, एका अंगानं दबलेला.
"ह्यो कशानं?"
"बॉल," साहेब म्हणाला.
आज्यानं तोफेचा गोळा समजला.
आमच्या घरात वर्षभर तो लढाईवरून आलेला होता.

मग कळत गेलं, खुणांनी, अर्ध्याकच्च्या दखनीत,
की तिकडं लाथ मारायचा पगार मिळतो.
आठवड्याला चार पौंड, वर एक छदाम नाही,
खेळणारा कितीका मोठा असेना.
उन्हाळ्यात त्याहून कमी.
शनिवारी गिरणीचा भोंगा झाला
की वीस हजार माणसं, सगळ्यांच्या टोप्या सारख्या,
आणि चिखल.
चिखलाचं तो फार बोलायचा,
कुंडलिकेत पाण्याची रेघ उरलेली असताना.

एका क्लबानं दुसऱ्याला विकला त्याला,
साडेतीनशे पौंडांना.
"दात बघितले का?" आज्यानं विचारलं.
साहेब हसला. मग हसायचा थांबला.
त्या साली आज्यानं त्याला माळेगावच्या यात्रेत नेला.
घोड्यांच्या बाजारात
रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव
तो उन्हात उभा राहून बघत राहिला.
"आमचा रुमाल मोठा होता," एवढंच म्हणाला.

एकशे अठरा सामने. गोल तीन.
पहिला पावसात, दुसरा डोक्यानं.
तिसऱ्याबद्दल बोलायचा नाही.
विचारलं की वंगण मागायचा.

त्याच्या बॉलचं रबर वैशाखात विरघळलं.
मोट शिवणाऱ्या हिरामणनं नवं चामडं शिवलं,
आत जिनमधला कापूस ठासला,
न पिंजलेला, सरकीसकट.
उसळायचा नाही तो.
पडला की पडलाच, पाळी संपलेल्या माणसासारखा.
तरी दर शुक्रवारी, कापूस वाळवायच्या पटांगणात,
रोहिल्या पहारेकरी गोलात, पगडी काढून खुंटीला,
बाकीचे अनवाणी,
आणि साहेब मधोमध, एका पायावर भार देऊन, ओरडत:
थांबव. मान वर कर. मग दे.

आज्यानं पुढं जन्मभर हेच सांगितलं,
इंजिनात तेल घालणाऱ्या पोराला,
उसने पैसे देणाऱ्या भावाला,
लेकीचं स्थळ बघायला निघालेल्या माझ्या बापाला:
थांबव. मान वर कर. मग दे.

छावणीच्या कबरस्तानात मी शोधला त्याला.
दोन कर्नल, एक पाद्री,
कुणाची तरी सहा महिन्यांची मुलगी.
फिटर नाही.
मनमाडच्या गाडीत बसला असेल,
किंवा दगडाला पैसे नसतील.
जिनिंगच्या जागी आता सळ्यांचं गोदाम आहे,
तिथला वॉचमन मला आत सोडेना.

बॉल म्हणे इंजिनघरामागं पडून राहिला,
आणि एका सकाळी शिवणीतून दोन पानं वर आलेली.
मला हे पटत नाही.
चामड्यात सरकी सडते, कुणालाही विचारा.
पण आजा शपथेवर सांगायचा,
त्या झाडाला तीन बोंडं आली.
एक हिरामणनं नेलं, एक रोहिल्यानं.
तिसऱ्याबद्दल तो बोलायचा नाही.