ग्रिम्सबीतला वास

आधी वाटलं, गावालाच येतोय.
ग्रिम्सबीत माशांच्या वासाला कोण नावं ठेवणार?
मग वारा पडला, तरी तो माझ्यासोबत घरात शिरला.

'अंगावरून जातंय' याला इंग्रजीत काय म्हणतात
ते मॉरीन नर्सला हातवाऱ्यांनी सांगितलं.
तिनं न हसता शब्द दिला.

गोळ्या झाल्या. आठवडाभर तोंडात तांब्याचं नाणं.
वास गेला, आणि पुढच्या पाळीनंतर
भाडं मागायला आल्यासारखा दारात उभा.

"आतून धुता का?"
धुते की. डेटॉल, कढत पाणी.
लहानपणापासून दुसरं काय शिकवलं आम्हाला?
"नका धुऊ. तिथं राहणारे असतात,
तुम्ही त्यांनाच हाकलताय."

आता फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी कॅप्सूलची डबी.
एकोणीस पौंड.
फार्मसीतला पोरगा खरं बोलला :
काहींना गुण येतो, काहींना नाही,
पुरावा अजून कच्चा आहे.

कच्चा तर कच्चा.
इथल्या थंडीत विरजणही दोन दिवस घेतं,
कधी नुसतंच पाणी सुटतं.
मी सारखं झाकण उघडून बघत नाही.

रात्री दिवा घालवते, म्हणते,
बसा. घर तुमचंच होतं.

डेटॉल सिंकखाली सरकवलंय.
फेकलं नाही अजून.